साचेकाकांची तिसरी ओळ

साचेकाकांना काका म्हणणाऱ्यांत त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही होती. काकांनी कधी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि काकांची ताकद सकाळचा पहिला फोन येईपर्यंतच टिकत असे.

फोन साधारण एकाच सुराचे असत. "काका, माझं शीर्षक खाली घसरलंय." "काका, लोगो दोन दोन दिसतायत." "काका, मी काहीच केलं नाही हो, आपोआप सगळं हिरवं झालं." मी काहीच केलं नाही असं जो छातीठोकपणे सांगतो, त्यानेच सगळं करून ठेवलेलं असतं, हे काकांना पाठ होतं. पण तसं न म्हणता ते "बघतो" म्हणत आणि जिना चढून त्या माणसाच्या टेबलापाशी जात.

त्यांची कंपनी ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स बनवत असे. मोठ्या इमारतींत साफसफाई करणाऱ्या बायका, गोदामातले कामगार, दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणारे, अशा लोकांना त्यांचे मालक हे कोर्स फोनवर बघायला लावत आणि शेवटी परीक्षा घेत. कोर्स लिहीत ते प्रशिक्षक. पण कोर्स कुणीही लिहिला तरी दिसायला एकाच घरचा दिसला पाहिजे, म्हणून सगळ्यांसाठी एक कोरा साचा असे. लोगो ठरलेल्या कोपऱ्यात, अक्षर ठरलेल्या वळणाचं, आणि आत रिकाम्या चौकटी: इथे शीर्षक, इथे मजकूर, इथे चित्र. प्रशिक्षकाने चौकटीत लिहायचं, बाकीचं साचा बघून घेतो. निदान तशी अपेक्षा असते. हा साचा काकांनी घडवला होता आणि मोडला की निस्तरायचाही त्यांनीच.

आणि तो रोज मोडे. आगीपासून बचाव हा विषय शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून इथेही त्यांचं मास्तरीणबाईच पडलं होतं. साचा मोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शीर्षकाची चौकट समोर रिकामी असताना त्या शेजारी स्वतःची नवी चौकट काढून तीत शीर्षक लिहीत. वर जुन्या कोर्समधल्या स्लाइड उचलून नव्यात आणून टाकत. पाहुण्याने येताना आपली गादी-उशीसुद्धा घेऊन यावं, तशी ती जुनी स्लाइड आपला जुना रंग, जुनं अक्षर, जुना लोगो घेऊन नव्या फाइलीत ठाण मांडून बसे. मग फोन. मग जिना. "बाई, तुम्हाला चौकट दिसत नाही का?" काका विचारत. "दिसते हो, पण ती तुमची वाटते. तिच्यात लिहायला संकोच होतो," बाई म्हणत, आणि काका हात टेकत.

घरी जेवताना फोन वाजला की त्यांची बायको ताटाकडे नुसती बघे. तिच्या बघण्यातच सगळं असे. ती पूर्वी कापडाच्या एका मोठ्या दुकानात होती. दिवसभर उभं राहून, शिड्या चढून-उतरून तिचे दोन्ही गुडघे गेले, आणि आता घर काकांच्या एकट्याच्या पगारावर चाललं होतं. काकांचं वय असं, की निवृत्तीला अजून अवकाश होता आणि दुसरीकडे कुणी नोकरी द्यावी असं राहिलं नव्हतं. ते स्वतःच म्हणत, "माझ्या वयाचा माणूस नोकरी मागायला गेला तर आधी पाणी विचारतात."

अशात कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. विकत घेतल्यावर माणसं बदलतात, पगार बदलतात, पण सगळ्यात आधी बदलतो तो रंग. आपला जुना हिरवा गेला आणि जांभळा आला. जांभळ्याबरोबर मुख्य कचेरीतून एक बाई आल्या, त्यांना सगळे ब्रँडबाई म्हणू लागले. वयाने काकांच्या निम्म्या, बोलायला गोड, आणि कामाला पक्क्या. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला काकांना खूप आवडलं असतं, पण तशी त्यांनी सोय ठेवली नव्हती.

साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस चांगला होता, म्हणजे वाईट बातमी देताना तो स्वतः उठून दार लावत असे. त्या दिवशी त्यांनी दार लावलं.

"नवा साचा तुम्हीच करायचा," साहेब म्हणाले. "पण मुख्य कचेरीचं एक म्हणणं आहे. इथली माणसं उठसूट तुम्हाला फोन करतात. साचा असा व्हायला हवा, की पुन्हा कुणाला तुमची गरज पडू नये."

"आणि मग माझं काय?" काकांनी विचारलं.

"बघू ना. आधी साचा तर होऊ दे."

वरच्याकडून आलेल्या 'बघू'चा अर्थ नोकरदार माणसाला कुणाला विचारावा लागत नाही. काका "बरं" म्हणाले आणि खाली येऊन कामाला लागले. स्वतःची जागा काढून टाकण्याचं काम त्यांना मिळालं होतं, आणि ते नीट व्हावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

पुढचे महिने जांभळ्यात गेले. ब्रँडबाईंना जांभळा 'जरा जास्त आश्वासक' हवा होता. काकांनी गडद केला, तेव्हा तो 'थोडा दडपण आणणारा' झाला. फिका केला, तर 'आत्मविश्वास कमी पडला.' एवढी वर्षं रंगांत काढून काकांना रंगाला आत्मविश्वास असतो हे माहीत नव्हतं, आणि स्वतःचा किती उरलाय हे तर कुणी विचारतच नव्हतं. शेवटी पहिल्या दिवशी जो जांभळा होता तोच त्यांनी पुन्हा दाखवला. ब्रँडबाई म्हणाल्या, "हं, आता जमलं!" काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी काचा पुसत होतं, आणि काकांना त्या माणसाचा हेवा वाटला. काच पुसली की पुसलेली दिसते.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. ते त्यांच्या हातून वाईट होतच नसे, हाच त्यांचा खरा रोग. वरती जांभळा रुंद पट्टा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत शीर्षक, खाली स्वच्छ पांढरी जागा. लोगो असा जखडून टाकला की मास्तरीणबाईंना तो सरकवता येऊ नये. जुनी स्लाइड आणून टाकली तर ती निमूटपणे नवा रंग घेई. फोनच्या लहान पडद्यावर अक्षर वाचता यावं म्हणून त्यांनी ते वाढवलं. एकेक फोन आठवून ते एकेक भोक बुजवत गेले. भोकं बुजत होती तशी त्यांची स्वतःची गरजही संपत चालली होती.

हे सगळं त्यांनी एका संध्याकाळी चहा घेताना बायकोला सांगितलं. ती गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती.

"अहो, मग एक गाठ ठेवा की," ती म्हणाली.

"कसली गाठ?"

"मी दुकानात होते ना, तेव्हा वरच्या फळ्यांवर कुठला तागा कुठे आहे ते फक्त मला ठाऊक असायचं. मुद्दाम तसं रचायचे मी. मालकाच्या मुलाला माझ्या जागी भाचीला आणायचं होतं. पण गिऱ्हाईक आलं की शोधणार कोण? गुडघे गेले म्हणून घरी बसले मी. नाहीतर मला कुणी हलवत नव्हतं."

"ही फसवणूक झाली."

"फसवणूक कसली? गाठ पडली की तुम्ही जाऊन सोडवणारच ना? नाही सोडवलीत तर ती फसवणूक." तिने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर नेली. "आणि नोकरी गेली तर मला औषधाच्या दुकानात तोंड दाखवायचंय, तुमच्या ब्रँडबाईंना नाही."

काकांनी कप खाली ठेवला. गाठ कुठे ठेवायची हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

शीर्षकाच्या चौकटीला एक सोय असते. शीर्षक लांबलं तर अक्षर आपोआप बारीक होतं आणि चौकटीत मावतं. ही सोय चालू आहे अशी एक खूण असते, बस्स. ती खूण काढून टाकली, तर अक्षर बारीक होत नाही. पहिल्या दोन ओळी जांभळ्या पट्ट्यावर बसतात आणि तिसरी ओळ पट्ट्याच्या खाली उतरते. खाली पांढरी जागा, अक्षरही पांढरं. ओळ असते, पण दिसत नाही. आणि प्रशिक्षक नावाच्या जमातीने दोन ओळींत शीर्षक लिहिल्याचं काकांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे कोर्स लिहायला घेतला की आठवड्याभरात फोन: काका, माझं अर्धं शीर्षक गायब झालं!

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेजारचे सगळे जेवायला गेलेले असताना, काकांनी ती खूण काढली. भीती वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटली नाही. भीती वाटायलाही अंगात ताकद लागते, आणि काका फक्त दमले होते.

ब्रँडबाईंनी साचा बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर तपासला. शीर्षकाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'शीर्षक'. ते दोन ओळींत काय, अर्ध्या ओळीत मावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साचा तपासणारी माणसं नेहमी 'शीर्षक' असंच लिहून बघतात, आणि जग मात्र भलतंच काहीतरी लिहितं.

साचा सगळ्यांना वाटला गेला आणि काका फोनची वाट बघू लागले. काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आधी "असं कसं झालं?" मग थोडं थांबून, "बघतो." मग ही दुरुस्ती प्रत्येक कोर्समध्ये जाऊन करावी लागेल असं साहेबांना सांगायचं. कोर्स ढीगभर होते. निवृत्तीपर्यंत पुरले असते.

फोन आला नाही. पहिल्यांदा बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी डबा गरम असताना खाल्ला. मग वाटलं, अजून कामाला लागले नसतील. मग ते जाता-येता फोन उचलून बघू लागले की बंद तर पडला नाही. जिना चढून वर जावं असं पायांना वाटे, पण बोलावल्याशिवाय कसं जाणार? इतकी वर्षं ज्या फोनने त्यांच्या नाकी नऊ आणले होते, त्याच्याकडे ते आता आशेने बघत बसत.

शेवटी न राहवून त्यांनी तयार झालेले कोर्स उघडून पाहिले. एक पाहिला, दुसरा पाहिला. सगळी शीर्षकं दोन ओळींची. पांढऱ्यावर पांढरं हरवलेलं एकसुद्धा नाही. काकांनी डोळे चोळले, चष्मा पुसला, आणि कुणी बोलावलं नसताना ते जिना चढले.

मास्तरीणबाई त्यांना बघून उभ्याच राहिल्या. "अगंबाई, काका! कुणी फोन केला तुम्हाला? कुणाला राहवलं नाही?"

"कुणी नाही केला. मी सहज आलो. शीर्षकाचं काही... अडचण वगैरे?"

"अडचण कसली? तिसरी ओळ लिहिली की दिसतच नाही. मी म्हटलं, असेल नवा नियम. त्या ब्रँडबाईंना विचारायची छाती आहे का कुणाची? एका जांभळ्यासाठी त्यांनी तुमचं काय केलं ते बघितलंय आम्ही. मग सगळेच धरून चाललो, शीर्षक दोन ओळींचं."

"पण मला का नाही फोन केलात?" हे काकांच्या तोंडून जरा मोठ्यानेच निघून गेलं.

बाईंचा आवाज खाली आला. "आम्ही ठरवलं होतं हो. वरच्या मजल्यावर सगळ्यांनी मिळून. म्हटलं, जन्मभर छळलं या माणसाला. नव्या साच्याला काकांना एकही फोन करायचा नाही. अडलं तर आपलं आपण बघायचं. जरा श्वास घेऊ दे त्यांना."

काका शेजारच्या खुर्चीवर बसले. बाईंना वाटलं, माणूस भारावला. त्यांनी उत्साहाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा. आधी माझं शीर्षक काय होतं? 'आग लागल्यानंतर इमारतीतून बाहेर पडताना घ्यावयाच्या खबरदारीविषयी सर्वसाधारण सूचना'. मावेना! छाटलं, छाटलं, छाटलं. आता बघा."

जांभळ्या पट्ट्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत होतं: 'आग लागली? लिफ्ट नको. जिन्याने खाली या.'

"शाळेत असताना मुलांना सांगायचे, थोडक्यात लिहा," बाई म्हणाल्या. "मला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. काल एका सफाईवाल्या बाईंनी कोर्सखाली लिहिलंय, की यावेळी कुणाला न विचारता सगळं वाचून झालं. मी आधी त्यांना काय वाचायला देत होते हो इतकी वर्षं?" त्यांचे डोळे पाणावले होते. चौकटीत लिहिलं होतं त्यांनी, काकांच्या चौकटीत, पहिल्यांदाच.

काका "छान झालंय" म्हणाले. ते खोटं नव्हतं, आणि म्हणून ते जास्तच लागलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. पडद्यावर ब्रँडबाई होत्या, मुख्य कचेरीतून बोलत होत्या. "काका, ती दोन ओळींची शिस्त!" त्या म्हणाल्या. "मी नियमांत हे लिहायला विसरले होते, आणि तुम्ही ते साच्यातच बसवून टाकलंत. आता आम्ही बाकीच्या सगळ्या शाखांनाही हाच साचा देतोय. हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"हो," काका म्हणाले. "मुद्दामच केलं."

इतकी वर्षं प्रामाणिकपणे केलेल्या कामाला कुणी असं नावाजलं नव्हतं. काकांना थोडासा आनंद झाला आणि त्या आनंदाची त्यांना किळस आली.

ब्रँडबाई पडद्यावरून गेल्यावर साहेब उठले. त्यांनी दार लावलं.

"काका, मला सरळ सांगा," ते परत येऊन बसत म्हणाले. "या साच्यात काही काम उरलंय का? एखादा दोष, एखादी दुरुस्ती, काहीही. असलं तर मला तुम्हाला ठेवून घेता येईल. मी वर भांडेन. पण मला दाखवायला काहीतरी हवं. नाहीतर या महिन्याअखेर..."

काकांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. शीर्षकाची सोय चुकून बंद राहिली आहे, प्रत्येक कोर्स उघडून ती चालू करावी लागेल. त्यात खोटं एवढंसं, 'चुकून' या शब्दापुरतं. गाठ त्यांच्याच हातची होती आणि सोडवायचा हक्कही त्यांचाच होता. साहेब तर आशेने त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

पण सोय चालू केली की आठ दिवसांत वरचा मजला पुन्हा 'घ्यावयाच्या खबरदारीविषयी' लिहू लागणार, हे काकांना जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणालाच नव्हतं. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं होणार, आणि कुठेतरी एका जिन्यात बसून फोनवर कोर्स बघणारी ती सफाईवाली बाई पुन्हा कुणाला तरी विचारत बसणार. काकांनी तिला कधी बघितलं नव्हतं. तिच्यासाठी नोकरी सोडावी असं त्यांचं तिच्याशी काही नातं नव्हतं. त्यांना तिचा रागसुद्धा आला. आणि तरीही ते वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना.

"नाही साहेब," ते म्हणाले. "काही उरलं नाही. साचा बरोबर आहे."

घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. चेहरा बघूनच तिला कळलं. ते पलंगाच्या कडेवर बसून बूट काढू लागले. थोड्या वेळाने तीही कण्हत येऊन शेजारी बसली.

"गाठ ठेवली होती ना हो?"

"ठेवली होती."

"मग?"

"सगळ्यांना आवडली," काका म्हणाले, आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडता सोडता त्यांना रडू आलं.